हळदीचं दूध आणि नॅनो कॅप्सूल: आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आईचं वय 64. सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलून मेटलची बसवली. तेव्हापासून रक्तात गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिनची गोळी रोज चालू आहे. गुडघे फार दुखतात, पण डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या टाळायला सांगितल्यात. आई रोज रात्री हळदीचं दूध घेते. आता भावानं नॅनो कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणल्यात, त्यात मिरीचा अर्कही आहे. डबीवर लिहिलंय की साध्या हळदीपेक्षा कितीतरी पट जास्त अंगी लागते. हळद तर आपण रोजच खातो, मग द्यायला काय हरकत आहे? आणि इतकी वर्षं घेतलेलं दूध फुकट गेलं का?"

आधी कामाचं सांगते. कॅप्सूल सुरू केली नसेल तर करू नका. केली असेल तर आजच थांबवा आणि दोन-तीन दिवसांत आईंचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासून घ्या. कॅप्सूलमुळे तो वाढू शकतो आणि तो फार वाढला की रक्तस्राव होतो. वॉरफॅरिनची गोळी मात्र स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका. कॅप्सूल थांबवल्यावर आयएनआर पुन्हा खाली येऊ शकतो आणि मेटलच्या झडपेवर गुठळी होणं हे रक्तस्रावाइतकंच घातक असतं. म्हणून आठवड्याभरानं पुन्हा एकदा तपासा आणि दोन्ही रिपोर्ट हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. रात्रीचं दूध आणि भाजी-आमटीतली हळद बिनधास्त चालू ठेवा.

एकच हळद दुधातून चालते आणि कॅप्सूलमधून चालत नाही, हे विचित्र वाटेल. ते का, हे सांगण्यासाठीच हे लांब उत्तर लिहिते आहे. मी 28 वर्षं औषधांच्या क्षेत्रात आहे. पहिली काही वर्षं गोळ्या-कॅप्सूल तयार करण्याच्या विभागात काढली, नंतर रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून. हळदीवर मी दोन्हीकडे काम केलं आहे.

तुमच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग करा. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद ढवळा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. बहुतेक हळद तळाशी बसलेली दिसेल. आता पळीभर गरम तेलात चिमूटभर टाका, तेल लगेच पिवळंधमक होतं. हळदीचा पिवळा रंग म्हणजेच कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. आपल्या आतड्यातला रस म्हणजे मुख्यतः पाणीच. जो पदार्थ विरघळत नाही तो आतड्याच्या अस्तरातून पलीकडे रक्तात जाऊ शकत नाही, तो पुढे सरकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. 1978 मध्ये स्वीडनमध्ये उंदरांना तोंडावाटे कर्क्युमिन देऊन हे मोजलं, तेव्हा सुमारे 75 टक्के विष्ठेतच सापडलं होतं.

दुसरी गोष्टही तुम्ही घरी पाहिलेली आहे. पातळावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लालभडक होतो. हळदीचं कुंकू होतं तेही क्षारामुळेच. आणि तोच कपडा उन्हात वाळत घातला की डाग उडून जातो. म्हणजे कर्क्युमिन हा फार नाजूक रेणू आहे. क्षारात त्याचा रंग पालटतो आणि तो तुटायलाही लागतो, उजेडातही तो टिकत नाही. प्रयोगशाळेत आतड्याइतक्याच सौम्य, किंचित क्षारधर्मी द्रावणात ठेवल्यावर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे 90 टक्के नाहीसं झालेलं आढळलं आहे.

इतक्यातूनही जे थोडं रक्ताच्या दिशेनं जातं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत असे दोन नाके लागतात. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातीचा नाका असे तसे. तिथली विकरं, म्हणजे एन्झाइम, कर्क्युमिनला साखरेसारखा एक तुकडा जोडतात, त्यामुळे ते पाण्यात विरघळणारं होतं आणि पित्तातून, लघवीतून निघून जातं. हा बंदोबस्त किती कडक आहे याचा एक आकडा देते. दुधात आपण अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास हळद घालतो. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरलं तर ते 45 मिलिग्रॅम होतं. संशोधनात माणसांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिलं गेलं आहे, म्हणजे दुधातल्यापेक्षा अडीचशे पटींहून जास्त, आणि तरीही बहुतेकांच्या रक्तात ते मोजता येण्याइतकंसुद्धा सापडलं नाही.

आईंच्या दुधाबद्दल मी निर्धास्त आहे ती यामुळे. आपण पिढ्यान् पिढ्या हळद खात आलो आणि आपल्याला काही झालं नाही, हे खरं आहे. पण त्याचं एक मोठं कारण असं की शरीर तिला रक्तात फारसं येऊच देत नाही. कॅप्सूल बनवणाऱ्यांनी हेच कारण काढून टाकलं आहे. त्यामुळे पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाचा दाखला त्या कॅप्सूलला देता येत नाही. ती हळदीपासून केलेली असली तरी तिचा इतिहास नवा आहे.

आपल्या वैद्यांना औषध "पोचवण्याचा" प्रश्न माहीत नव्हता असं मुळीच नाही. अनुपान हा शब्द आपल्याकडे शतकानुशतकं आहे. तेच चूर्ण मधातून, तुपातून, कोमट पाण्यातून किंवा दुधातून घेतलं की गुण वेगळा येतो, हे त्यांनी नेमकं नोंदवून ठेवलं आहे. मधाला योगवाही म्हणतात, म्हणजे ज्याच्याबरोबर जातो त्याचा गुण वाहून नेणारा. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचं त्रिकटू कितीतरी योगांमध्ये मिसळलेलं असतं. माझी आजी बाळाला मात्रा देताना सहाणेवर वेढे मोजून उगाळायची, जायफळाचे इतके, वेखंडाचे इतके. आज मी त्याच्याकडे पाहते तेव्हा मला त्यात दोन गोष्टी दिसतात. ओल्या दगडावर घासून पदार्थाचे कण अतिशय बारीक करणं, आणि वेढे मोजून मात्रा ठरवणं. कण बारीक करणं म्हणजे विरघळण्यासाठी पृष्ठभाग वाढवणं, आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्ही हेच शिकतो.

मिरीचं शास्त्र 1998 मध्ये पुढे आलं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. मग त्याच्याबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीचा तिखटपणा ज्याच्यामुळे येतो ते द्रव्य, दिलं. शोषण 2000 टक्क्यांनी वाढलं. आज बाजारातल्या जवळपास प्रत्येक मिरीयुक्त कॅप्सूलच्या डबीवर हाच आकडा छापलेला असतो. तो खोटा नाही. पण ज्याची सुरुवात शून्याच्या जवळून होते त्याची टक्केवारी नेहमीच डोळे दिपवणारी असते, आणि ती वाढही मुख्यतः पहिल्या तासाभरात दिसली होती.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: पिपरिननं नेमकं केलं काय? त्यानं कर्क्युमिनला विरघळवलं नाही, सांभाळलंही नाही. त्यानं नाक्यावरच्या शिपायांना गप्प केलं. आतड्यातली आणि यकृतातली जी विकरं बाहेरून आलेल्या रसायनांची विल्हेवाट लावतात, आणि आतड्याच्या पेशींमधला जो पंप नको असलेले रेणू परत मागे ढकलतो, त्यांचं काम पिपरिन मंदावतं. आणि शिपाई गप्प झाले की ते एकट्या कर्क्युमिनसाठी होत नाहीत. फिट्‌सची फेनिटॉइन, दम्याची थिओफिलिन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल या औषधांची रक्तातली पातळी पिपरिनमुळे वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांमध्ये दिसलं आहे. रोजच्या रश्श्यातली मिरी वेगळी आणि शुद्ध काढलेलं पिपरिन रोज नेमानं घेणं वेगळं.

हाच गुण शहाणपणानं वापरला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या सरकारी संस्थेनं आणि एका भारतीय औषध कंपनीनं मिळून क्षयरोगासाठी एक कॅप्सूल केली, ती 2009 मध्ये बाजारात आली. एरवी रिफॅम्पिसिन 450 मिलिग्रॅम द्यावं लागतं. या कॅप्सूलमध्ये ते 200 मिलिग्रॅमच होतं, सोबत 300 मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि 10 मिलिग्रॅम पिपरिन. निम्म्याहून कमी औषधात तेवढंच काम. त्रिकटूची जुनी कल्पना घेतली, पण रिफॅम्पिसिनची पातळी माणसांच्या रक्तात मोजली, मात्रा त्या हिशेबानं कमी केली, आणि मगच परवाना मिळवला. तुमच्या आईंच्या कॅप्सूलमध्येही कल्पना तीच आहे. फरक एवढाच की तिथे सोबतच्या वॉरफॅरिनची मात्रा कमी करण्याचा हिशेब कुणीही केलेला नाही.

आता "नॅनो" या शब्दाकडे येते. बाजारात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी या एकाच नावाखाली विकल्या जातात. एकीत कर्क्युमिनचे कण इतके बारीक केलेले असतात की ते पाण्यात तरंगून राहतात. दुसरीत ते सोयाबीनमधल्या लेसिथिनसारख्या स्निग्ध द्रव्याला जोडलेलं असतं, त्यामुळे आतड्याचं अस्तर त्याला सहज घेतं. तिसरीत मायसेल असतात. भांडी घासताना साबणाचे रेणू तेलकट थेंबाला चहूबाजूंनी वेढून पाण्यात वाहून नेतात, अगदी त्याच पद्धतीनं कर्क्युमिन वाहून नेणारे सूक्ष्म गोळे. या सगळ्या पद्धतींनी शोषण खरोखर वाढतं. कुणी 27 पट मोजलं आहे, कुणी 29, आणि मायसेलचा एक प्रसिद्ध आकडा 185 पट असा आहे.

पण या आकड्यांच्या मागे एक बारीक गोष्ट असते, जी डबीवर कधी लिहिलेली नसते. यातल्या बऱ्याच अभ्यासांमध्ये रक्ताच्या नमुन्यात आधी एक विकर घालतात. नाक्यावर जोडलेला तो साखरेचा तुकडा ते तोडून टाकतं, आणि मग सगळं कर्क्युमिन एकत्र मोजतात. म्हणजे मोकळं, काम करू शकणारं कर्क्युमिन आणि शरीरानं निकामी करून बाहेर काढायला ठेवलेलं कर्क्युमिन, दोन्ही एकाच आकड्यात येतात. यात लबाडी नाही, शास्त्रीय निबंधात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पण डबीवर येईपर्यंत एवढंच उरतं की "185 पट". तुम्ही फार्मासिस्टला विचारायचा प्रश्न "किती पट" हा नाही. "मोकळं किती आणि कशाबरोबर" हा प्रश्न विचारा.

औषध कोणत्या वाटेनं जातं यावर ते औषध आहे, निरुपयोगी आहे की विष आहे हे ठरतं, याची माझ्या मनावर सगळ्यात खोल उमटलेली गोष्ट आपल्या अंगणातल्या सदाफुलीची आहे. आजही आपल्याकडे कितीतरी लोक मधुमेहासाठी सकाळी सदाफुलीची फुलं किंवा पानं चावून खातात. 1950 च्या दशकात कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातले रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून याच झाडाची पानं आली, आणि तीही मधुमेहावरचा उपाय म्हणूनच. उंदरांना तोंडावाटे अर्क दिला, साखरेवर काहीही परिणाम झाला नाही. मग शिरेतून टोचला, तर उंदीर थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गानं मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिथून धागा पकडला. पांढऱ्या पेशी मारणारं द्रव्य रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, असा विचार त्यातून निघाला. 1958 मध्ये व्हिन्ब्लास्टिन जगासमोर आलं आणि त्याच झाडातलं व्हिन्क्रिस्टिन 1963 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आज मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन असतंच असतं.

याच व्हिन्क्रिस्टिनच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: फक्त शिरेतून, दुसऱ्या कोणत्याही मार्गानं दिल्यास प्राणघातक. ते चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जगभर अशा चुका झाल्या आहेत. म्हणूनच आता ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पिशवी कण्याच्या सुईला कुणी चुकूनही जोडणार नाही. एकच झाड. तोंडातून गेलं तर मधुमेहाला काही नाही, शिरेतून गेलं तर लेकराला जीवदान, कण्यातून गेलं तर मृत्यू. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" असं कुणी म्हणतं तेव्हा मला सदाफुलीच आठवते.

पोचवण्याची पद्धत बदलून निसर्गातलं औषध सुरक्षितही होतं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते आपण महाराष्ट्रात 2021 मध्ये आपल्या डोळ्यांनी पाहिलं. कोरोनानंतर म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा लोक "लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन" या इंजेक्शनसाठी गावोगाव फिरत होते. ॲम्फोटेरिसिन हे मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारं द्रव्य आहे. साध्या रूपात ते मूत्रपिंडांना इतकं जाचतं की दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण एक मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. तेच स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, म्हणजे लिपोसोममध्ये, भरलं की पाच मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, कारण पिशवी बुरशीच्या जागी जास्त जाते आणि मूत्रपिंडाकडे कमी. हे तंत्र भारतात उभं करण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे, आणि ते 2021 च्या कितीतरी वर्षं आधीचं काम आहे. मी नव्या पद्धतींच्या विरोधात लिहिते आहे असा कुणाचा समज होऊ नये म्हणून हे मुद्दाम सांगितलं. या पद्धतींनी वाचलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

उलट बाजूचंही एक उदाहरण हळदीचंच आहे. 2017 मध्ये कॅलिफोर्नियात एका तरुण स्त्रीला त्वचेच्या आजारासाठी कर्क्युमिनचं इंजेक्शन शिरेतून देण्यात आलं. काही मिनिटांत तिचं हृदय बंद पडलं आणि ती वाचली नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नसल्यामुळे ते एरंडेलापासून केलेल्या एका रसायनात मिसळलेलं होतं. तशा जातीच्या रसायनांनी तीव्र ॲलर्जी येऊ शकते हे आधीपासून माहीत होतं. कर्करोगाचं पॅक्लिटॅक्सेल, हेही यू नावाच्या झाडाचंच औषध, त्याच कारणासाठी स्टिरॉइड देऊन मग चढवावं लागतं, आणि म्हणूनच 2005 मध्ये ते प्रथिनाच्या नॅनोकणांवर बसवलेलं, एरंडेल नसलेलं रूप आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या कर्क्युमिनच्या कुपीची तपासणी केली तेव्हा त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्यही सापडलं, आणि कर्क्युमिन लेबलवर लिहिल्याच्या जेमतेम दोन टक्के. आपल्याकडेही काही ठिकाणी "हर्बल ड्रिप" म्हणून सलाईन लावतात. आईंच्या बाबतीत असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

आता गुडघ्यांचं. हळदीचा गुडघ्यांना उपयोग होतो का? थोडा होतो असं म्हणता येईल. थायलंडमध्ये 367 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला दीड ग्रॅम हळदीचा अर्क आणि 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन यांची चार आठवडे तुलना केली. वेदना दोन्हींनी सारख्याच कमी झाल्या. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात 70 जणांवर 12 आठवड्यांची चाचणी झाली, त्यात वेदना काहीशी कमी झाली, पण एमआरआयमध्ये सांध्यातली सूज आणि पाणी कमी झालेलं दिसलं नाही. म्हणजे आराम पडू शकतो, झीज भरून येत नाही. या चाचण्यांमधले लोक वॉरफॅरिनवर नव्हते, हे मात्र लक्षात ठेवा.

दुधाचं काय, तर रक्तात न जाणारी हळद नेहमीच वाया जाते असं नाही. जिथे ती थेट लागते तिथे तिला रक्तात जायची गरजच नसते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात जपानमध्ये 2006 साली 89 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या औषधांबरोबर रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलेल्यांपैकी सहा महिन्यांत सुमारे पाच टक्क्यांचा आजार पुन्हा उफाळला, न दिलेल्यांपैकी 20 टक्क्यांचा. तिथे हळदीचं आतड्यातच राहून जाणं हाच तिचा गुण ठरतो. घशाला गुळण्या, जखमेवर लेप, मुरगळलेल्या पायावर गरम हळद-मीठ, हे सगळं त्याच न्यायाचं. आणि दुधाबद्दल मला आणखी एक वाटतं, ते मोजता येत नाही. रात्री कुणीतरी गरम दूध आणून हातात देतं, ते पिऊन आईंना झोप चांगली लागते, आणि झोप लागली की दुखणं सोसवतं. ते फुकट गेलं असं मी म्हणणार नाही.

आता कॅप्सूलच्या धोक्याचं नेमकं. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी 2018 मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली: वॉरफॅरिन स्थिर असताना हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर 10 च्या वर गेला. आईंसारख्या रुग्णांमध्ये, झडप कोणती बदलली आहे त्यानुसार, तो साधारण दोन ते साडेतीनच्या दरम्यान ठेवायचा असतो. 10 च्या वर म्हणजे मेंदूत किंवा पोटात केव्हाही रक्तस्राव होऊ शकतो. मी स्वतः पाहिलेला एक रुग्ण सांगते. साठीचे गृहस्थ, हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून आले. आयएनआर सहाच्या वर. मी तीनदा विचारलं, नवीन औषध काही सुरू केलं का? तिन्ही वेळा "नाही". निघताना त्यांच्या पत्नीनं पिशवीतून डबी काढली आणि म्हणाल्या, "औषध नाही हो, हळद आहे." मिरीच्या अर्कासकट, दिवसाला दोन कॅप्सूल, पाच आठवडे. त्यांनी काही लपवलं नव्हतं. हळद हे औषध आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणालाही "औषध काय घेता" असं विचारत नाही, "तोंडात काय काय जातं" असं विचारते.

यकृताचं दुसरं. इटलीत हळदीच्या पूरक उत्पादनांमुळे झालेल्या यकृतदाहाच्या नोंदी 2018-19 मध्ये एकदम वाढल्या, आणि 2022 मध्ये तिथल्या सरकारनं डबीवर इशारा छापणं सक्तीचं केलं. ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनीही 2023 मध्ये सूचना काढली. अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या गटानं हळदीमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण बारकाईनं तपासले. त्यातल्या सात जणांमध्ये एक विशिष्ट आनुवंशिक खूण होती, एचएलए-बी 35:01. म्हणजे ही इजा सगळ्यांना होत नाही, ज्यांच्या शरीरात ती प्रवृत्ती असते त्यांना होते, आणि ती कुणात आहे हे आधी कळत नाही. एक रुग्ण दगावला. हे प्रकार फार विरळ आहेत. पण कॅप्सूल घेणाऱ्या कुणाचेही डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, तर "उष्णता वाढली" म्हणून थांबू नका. कॅप्सूल बंद करून त्याच आठवड्यात यकृताची तपासणी करा.

वॉरफॅरिनवर नसलेल्यांपैकीही काहींनी सांभाळावं. पित्ताशयात खडे असतील तर कर्क्युमिनमुळे पित्ताशय आवळतं आणि खडा सरकू शकतो. मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे खडे होणाऱ्यांना हळदीच्या मोठ्या मात्रेनं लघवीतलं ऑक्झॅलेट वाढतं. अवयवरोपणानंतर टॅक्रोलिमस घेणारे, फिट्‌सची गोळी घेणारे, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन घेणारे, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करावी. गरोदरपणात तर कॅप्सूल नकोच.

आईंसाठी मग काय करता येईल? औषध थेट गुडघ्यावर पोचवा. डायक्लोफिनॅकचं जेल लावलं तर गोळीच्या मानानं रक्तात सुमारे सहा टक्केच औषध जातं, बाकीचं गुडघ्यापाशी राहतं. वॉरफॅरिनवर असणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगूनच लावावं, पण बहुतेक वेळा ते परवानगी देतात. पॅरासिटामॉल लागलं तर अधूनमधून चालेल. सलग काही दिवस दोन ग्रॅमच्या आसपास घ्यावं लागलं तर आयएनआर तपासायला हवा, कारण त्यानंही तो वाढतो. गरम पाण्याची पिशवी, हळद-मिठाचा लेप, हे निर्धोक आहे, कातडी भाजणार नाही एवढं बघा. आणि सगळ्यात जास्त गुण येतो तो मांडीचे स्नायू बळकट झाल्यानं. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजून खाली घ्यायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून पद्धत पक्की करून घ्या. सहा आठवडे नेमानं केलं तर जिना चढताना फरक जाणवायला लागतो.

दुधासाठी हळद घेताना सुटी, फार झगझगीत पिवळी पावडर घेऊ नका. हळकुंडाला आणि पावडरीला रंग चढावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार आपल्या उपखंडात सापडले आहेत, आणि ते शिसं थेट रक्तात जातं. शेजारच्या बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत ते होतं. सरकारनं कडक छापे घातले, दंड केला, आणि 2021 पर्यंत ते शून्यावर आणलं. शक्य असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडं घेऊन गिरणीतून दळून आणा. सांगलीकडचे लोक वर्षाची हळद अशीच भरतात.

शेवटी भावाबद्दल. त्यांनी आईच्या काळजीनंच कॅप्सूल आणल्या आहेत, त्यांना बोल लावू नका. ती डबी टाकूनही देऊ नका. पुढच्या वेळी आयएनआरला जाताना सोबत न्या, लेबलवरचे आकडे डॉक्टरांना वाचू द्या, आणि किती दिवस घेतली हे तारखेसकट आईंच्या फाइलमध्ये लिहायला सांगा.